हे असं खरंच झालं होतं का? रेसिंगच्या सिनेमांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साताऱ्यात एमआयडीसीतल्या एका गॅरेजच्या मागच्या भिंतीवर आम्ही आठ-दहा जण महिन्यातून एका शनिवारी मोटार रेसिंगवरचा सिनेमा बघतो. प्रोजेक्टर एकाचा, स्पीकर दुसऱ्याचा, गॅरेज माझ्या मावसभावाचं. सिनेमा संपला की चहा येईपर्यंत सगळे प्रश्न माझ्याकडं वळतात, कारण जुन्या शर्यतींचे निकाल वहीत उतरवून ठेवायचा नाद मला कॉलेजपासून आहे. तेच ते प्रश्न इतक्यांदा आले की शेवटी एकदाचे लिहून काढले. आता नवीन माणूस आला की हे पान त्याच्या हातात द्यायचं आणि मी निवांत चहा प्यायचा, असा बेत आहे.

खाली सगळ्या सिनेमांचे शेवट उघड केलेत. ज्यांना आधी बघायचे आहेत त्यांनी इथूनच मागं फिरावं.

‘सत्य घटनेवर आधारित’ अशी पाटी येते. म्हणजे किती टक्के खरं?

टक्क्यांत सांगता येत नाही. पण आपल्या मातीत याला चांगला दाखला आहे, बखरीचा आणि पत्राचा. पानिपताची बखर वाचली की अंगावर काटा येतो. पण अमुक सरदार त्या दिवशी नेमका कुठं होता हे बघायचं तर त्या काळचं अस्सल पत्र हातात लागतं. इतिहासकार राजवाड्यांना अशी पत्रं आपल्याच जिल्ह्यात, वाईला सापडली आणि १८९८ साली त्यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढला, तेव्हापासून बखरीतली गोष्ट पत्राशी ताडून बघायची आपल्याला सवय लागली.

सिनेमा ही बखर. शर्यतीचं पत्र म्हणजे निकालाचा कागद. कोण कितव्या जागेवरून सुटलं, किती लॅप (ट्रॅकचे फेरे) झाल्या, कोण कुठल्या लॅपला बाहेर पडलं, गिअरबॉक्स गेला की इंजिन, सगळं त्यात असतं. मोटार रेसिंगचं एक बरं आहे, हा कागद बहुतेक वेळा शिल्लक असतो. त्यामुळं फेरफार लगेच सापडतो.

मी दोनच गोष्टी बघतो. बदल केल्यामुळं कुणाच्या माथी त्यानं न केलेलं पाप बसलं का? आणि कुणी केलेलं काम पुसलं गेलं का? बाकी टोपीचा रंग, पावसाची वेळ, कोण कुणाला काय बोललं, यावरून मी भांडत नाही. पूर्वी भांडायचो.

‘फोर्ड व्हर्सेस फेरारी’मध्ये फोर्डचा ड्रायव्हर केन माइल्स याचा पहिला नंबर शेवटच्या क्षणी जातो. तसं खरंच झालं का?

हो. हा प्रश्न दरवेळी पहिला येतो, आणि जो विचारतो त्याचा आवाज थोडा चढलेला असतो.

साल १९६६, १८ आणि १९ जून, फ्रान्समधली ल माँची चोवीस तासांची शर्यत. (आमच्याकडं पहिली दोन वर्षं सगळे ‘ले मॅन्स’ म्हणायचे, मीसुद्धा.) फोर्डच्या तीन गाड्या पुढं होत्या. ‘१’ आकडा लिहिलेली गाडी माइल्स आणि डेनी हल्म यांची, ‘२’ लिहिलेली ब्रूस मॅक्लारेन आणि ख्रिस अ‍ॅमन यांची. तिसरी बारा लॅप मागं होती. तिन्ही गाड्या एकत्र रेषा ओलांडताना फोटो निघावा असं फोर्डच्या साहेबलोकांना वाटलं, म्हणून माइल्सला वेग कमी करायला लावला. पहिल्या दोन्ही गाड्यांच्या ३६० लॅप झाल्या. मग आयोजकांनी नियम सांगितला. मॅक्लारेनची गाडी सुटताना काही मीटर मागं उभी होती, म्हणजे तेवढ्याच वेळात ती तेवढं जास्त अंतर धावली. विजेती मॅक्लारेनची. चोवीस तास आणि ४,८०० किलोमीटरच्या वर पळून फरक पडला तो सुटायच्या जागेचा.

हा नियम बऱ्याच जणांच्या डोक्यावरून जातो. आमच्यात एक आप्पा येतात, बैलगाडीच्या मैदानात वर्षानुवर्षं निकालपंच म्हणून उभे राहिलेले. त्यांना मी एकदाच सांगितलं. ते म्हणाले, “सुटायची रेघच एक नाय, तर बरोबरी कशाची लगा? मागनं सुटलेला बरोबर आला म्हंजे त्यो पुढंच की.” एवढं सोपं करून मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

माइल्सचं नुकसान सिनेमात दाखवलंय त्यापेक्षा मोठं होतं. त्याच वर्षी त्यानं डेटोना आणि सेब्रिंग या दोन्ही मोठ्या शर्यती लॉइड रुबीबरोबर जिंकल्या होत्या. ल माँ मिळाली असती तर एकाच वर्षात तिन्ही. सिनेमात सेब्रिंगला जागाच नाही. दोन महिन्यांनी, १७ ऑगस्टला, कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडला नव्या गाडीची चाचणी घेताना तो गेला.

मग त्यात खोटं काय आहे?

बरंच आहे, आणि त्यातलं पुष्कळ निरुपद्रवी आहे. फोर्डसाठी रेसच्या गाड्या तयार करणारा कॅरल शेल्बी कंपनीचा मालक हेन्री फोर्ड (दुसरा) याला गाडीत बसवून फिरवतो आणि तो रडायला लागतो, ते बनवलेलं. शेल्बी फोर्डचा साहेब लिओ बीबी याला ऑफिसात कोंडून ठेवतो, तेही. माइल्सच्या भरवशावर स्वतःची कंपनी पणाला लावतो, तेही. फेरारी कंपनीचा मालक एन्झो फेरारी वरून बघतो आणि माइल्सला टोपी काढून मान देतो, हा प्रसंग आमच्याकडं सगळ्यांना आवडतो, पण फेरारी त्या दिवशी ल माँला नव्हताच. शर्यतीच्या मैदानात तो सहसा जायचाच नाही.

१९६५ साली माइल्सला मुद्दाम मागं ठेवलं, तो गॅरेजमध्ये बसून रेडिओ ऐकतो, असं सिनेमा सांगतो. प्रत्यक्षात १९६५ साली तो ल माँला फोर्डच चालवत होता, आणि जोडीला होता खुद्द ब्रूस मॅक्लारेन. गाडी लवकर बंद पडली.

माझी तक्रार वेगळीच आहे. डेनी हल्म कुठं गेला? ल माँला एका गाडीवर दोन ड्रायव्हर आळीपाळीनं बसायचे. सिनेमा बघून वाटतं की माइल्सनं चोवीस तास एकट्यानं गाडी हाणली. हल्म ओळखू येईल न येईल इतका डोकावतो, आणि हाच माणूस पुढच्या वर्षी, १९६७ साली, फॉर्म्युला वनचा जगज्जेता झाला. तसंच फेरारीचा ड्रायव्हर बांदिनी याचं. दिवसाउजेडी माइल्स आणि बांदिनी खांद्याला खांदा लावून पळतात. प्रत्यक्षात फेरारीच्या कारखान्याच्या तिन्ही गाड्या शेवटच्या टप्प्याच्या कितीतरी आधी संपल्या होत्या. शेवटचे कित्येक तास फोर्डची लढत फोर्डशीच होती. ती सरळ दाखवली तर प्रेक्षक पेंगतील, हे मला कळतं. हल्मला एक नीट प्रसंग दिला असता तर कुणी पेंगलं नसतं.

आणि लिओ बीबी. सिनेमाला खलनायक लागतो, तो तयार कोट-टायमध्ये सापडला. एकत्र रेषा ओलांडायचा निर्णय त्याचाच होता, पण सुरुवातीपासून माइल्सच्या वाईटावर टपलेला माणूस म्हणून त्याला रंगवलंय, त्याला आधार नाही.

त्याच सिनेमात गाडीचा दरवाजा लागत नाही म्हणून हातोड्यानं ठोकतात. तो विनोद आहे ना?

नाही, दरवाजाचं खरं आहे! त्या काळी ड्रायव्हर पळत रस्ता ओलांडून गाडीत उडी टाकायचे. घाईत दरवाजा माइल्सच्या हेल्मेटवर आपटला, नीट बसेना, आणि पहिली लॅप संपवून त्याला थांबावं लागलं. सिनेमातली गंमत अशी की जे फिल्मी वाटतं तेच कधीकधी कागदावर सापडतं.

अख्खा ब्रेक काढून नवीन बसवतात, हे शक्य आहे?

होय, शक्य होतं आणि तसं केलं जायचं. ल माँला म्युल्सानची सरळ वाट तेव्हा सहा किलोमीटरच्या आसपास होती, मध्ये आजच्यासारखी वळणं नव्हती, ती १९९० साली आली. सात लिटरचं इंजिन, जड गाडी, ताशी ३०० च्या वर वेग आणि वाटेच्या टोकाला एकदम काटकोनातलं वळण. चोवीस तासांत असं साडेतीनशे वेळा. लोखंड लालबुंद व्हायचं, डिस्क तडकायच्या. म्हणून शेल्बीचा माणूस फिल रेमिंग्टन यानं डिस्कसकट सगळं पटकन काढता-घालता येईल अशी रचना केली.

ब्रेक तापला की काय होतं हे मला एका जुन्या जीपनं शिकवलंय. कासवरून उतरताना यवतेश्वरच्या घाटात मी सगळा घाट ब्रेकवर पाय ठेवून उतरत होतो. आधी लायनर जळाल्याचा वास आला. मग पेडल हळूहळू मऊ पडत गेलं, ओल्या स्पंजवर पाय द्यावा तसं. शेवटच्या वळणाआधी ते फळीला टेकलं आणि गाडी होती तशीच पळत राहिली. डोंगराच्या बाजूला गटार होतं म्हणून वाचलो. मेस्त्रीनं गाडीकडं न बघताच विचारलं, “सेकंडला टाकून का नाय उतरलास?” त्या प्रसंगानंतर मला सिनेमातला ब्रेकचा भाग नायकाच्या भाषणांपेक्षा जास्त खरा वाटायला लागला.

दोन गाड्या बरोबर पळत असतात आणि हिरो अजून एक गिअर टाकून पुढं जातो. मग आधी का टाकला नाही?

सरळ वाटेवर प्रत्येक ड्रायव्हरचा पाय आधीच फळीला टेकलेला असतो. वरचा गिअर शिल्लक ठेवून कुणी पळत नाही. आपला एसटीचा ड्रायव्हरसुद्धा पसरणीचा घाट चढताना हातचा गिअर राखून ठेवत नाही. पुढं जाणं ठरतं ते आधीच्या वळणातून कोण जास्त वेगानं बाहेर पडलं यावर, किंवा पुढच्या वळणाला कोण उशिरा ब्रेक मारतो यावर, किंवा पुढच्याच्या आडोशाला वाऱ्यापासून कोण लपतो यावर. हे पडद्यावर दाखवणं अवघड, पाय आणि गिअरचा दांडा दाखवणं सोपं. सगळेच दिग्दर्शक हे पाप करतात. मी आता त्या वेळी चहाचं बघतो.

‘रश’मधले फॉर्म्युला वनचे ड्रायव्हर जेम्स हंट आणि निकी लाउडा खरंच एकमेकांचे वैरी होते?

नव्हते. तरुणपणापासून ओळख होती, लंडनमध्ये काही काळ एकाच छपराखाली राहिले होते. ट्रॅकवर स्पर्धा होती, पण सिनेमात पहिल्या रीळापासून जो दातओठ खाण्याचा प्रकार आहे तो लिहिणाऱ्याचा.

त्याची सुरुवात बघा. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला हंट लाउडाला धक्का देतो आणि तिथून ठिणगी पडते. तिथं १९७० साली हंटची गाडी भिडली ती डेव्ह मॉर्गन नावाच्या ड्रायव्हरशी. एकाच्या भांडणात दुसऱ्याला बसवलं. लाउडाला त्रास देणाऱ्या पत्रकाराला हंट न्हाणीघरात नेऊन बडवतो, तेही रचलेलं. आमच्याकडं त्या प्रसंगाला शिट्ट्या पडतात, म्हणून मी ते सिनेमा संपल्यावरच सांगतो.

लाउडा भाजल्यावर इतक्या लवकर परत आला, हे तरी वाढवलेलं असेल?

इथं एक अक्षरही वाढवावं लागलं नाही. १ ऑगस्ट १९७६, जर्मनीतलं न्युर्बुर्गरिंग, सुमारे २३ किलोमीटरची एक लॅप, डोंगरात, झाडीत. आदल्याच वर्षी ही लॅप सात मिनिटांच्या आत पुरी करणारा पहिला माणूस लाउडाच होता, आणि इथं पळू नये असं सांगणाराही तोच. बहुमत त्याच्या विरुद्ध गेलं. दुसऱ्या लॅपला गाडी आदळली, पेटली. त्याला बाहेर काढलं ते मागून आलेल्या चार ड्रायव्हरांनी: मेर्झारिओ, एडवर्ड्स, लंगर आणि अर्टल. अग्निशमनवाले लांब होते. फुप्फुसं आतून भाजली होती, दवाखान्यात पाद्री येऊन शेवटचे संस्कार करून गेला. आणि १२ सप्टेंबरला, म्हणजे ४२ दिवसांनी, हा माणूस इटलीत मोन्झाला गाडीत बसला आणि चौथा आला. मधल्या फक्त दोन शर्यती चुकल्या. डोक्याला गुंडाळलेलं कापड रक्तानं भिजलं होतं, तेही खरं.

शेवटची शर्यत जपानात फुजीला, २४ ऑक्टोबरला, मुसळधार पावसात. लाउडा दोन लॅपनंतर स्वतःहून बाहेर पडला. हंट तिसरा आला आणि ६९ विरुद्ध ६८ अशा एका गुणानं जगज्जेता झाला. गाडीतून उतरेपर्यंत त्याला आपण जिंकलोय हेच कळलं नव्हतं.

‘रश’नं काय गाळलं?

ब्रिटिश ग्रां प्री. त्या वर्षीचा सगळ्यात मोठा तमाशा! ब्रँड्स हॅचला पहिल्याच वळणाला गाड्या भिडल्या, शर्यत थांबवली, हंटला पुन्हा सुटू द्यायचं की नाही यावरून गर्दी खवळली, त्याला सोडलं, तो जिंकला, आणि सप्टेंबरात तो विजय काढून घेऊन लाउडाला दिला. हंटची गाडी १.८ सेंटिमीटरनं रुंद निघाली म्हणून स्पेनचा विजय आधी रद्द आणि मग परत बहाल झाला होता, तेवढं सिनेमात आहे. ब्रिटिश ग्रां प्री का गाळली असेल याचा अंदाज करता येतो. दोन-दोन कोर्टकचेऱ्या एका सिनेमात झेपत नाहीत.

‘फेरारी’मधला तो अपघात इतका भयंकर का दाखवलाय? गरज होती का?

२०२३ सालचा हा सिनेमा आम्ही बघितला तेव्हा दोघं उठून बाहेर गेले. १२ मे १९५७, इटलीतली मिले मिलिया. बंद ट्रॅक नाही, साध्या रस्त्यांवरून ब्रेशा ते रोम आणि परत, सुमारे १,६०० किलोमीटर. शिरवळ, खंबाटकी, वाढे फाटा अशी हायवेच्या कडेनं माणसं बायकापोरांसकट उभी आहेत आणि मधून ताशी अडीचशेच्या वेगानं गाड्या जातायत, असं डोळ्यांपुढं आणा. गुइदित्सोलो गावाजवळ आल्फोन्सो दे पोर्तागोच्या फेरारीचा टायर फुटला. तो, शेजारी बसलेला एडमंड नेल्सन आणि नऊ प्रेक्षक गेले. त्यातली पाच मुलं होती. त्यानंतर मिले मिलिया तशी वेगाची शर्यत म्हणून पुन्हा झाली नाही. एन्झो फेरारीवर मनुष्यवधाचा खटला चालला, १९६१ साली तो सुटला.

मी म्हणतो, दाखवलं ते बरं केलं. ज्या सिनेमात गाड्या इतक्या देखण्या दिसतात तिथं त्या मुलांचं पुढं काय झालं हेही दिसायला हवं. ड्रायव्हरला थांब्यावर बाई येऊन चुंबन घेते आणि थोड्या वेळानं तो मरतो, हे फिल्मी वाटतं ना? त्या चुंबनाचा फोटो आहे.

या सिनेमाबद्दल एकच कुरकुर. सगळे इटालियन लोक इटालियन हेल काढून इंग्रजी बोलतात. हिंदी सिनेमात मराठी हवालदार वाक्यागणिक ‘आयला’ म्हणतो तसं वाटतं.

मग माहितीपट बघावा. तो तर खराच असणार?

‘सेना’ बघा, एर्टन सेना या फॉर्म्युला वनच्या ड्रायव्हरवरचा. (आमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर “या शनिवारी सेना” असा मेसेज टाकला तर दोघांनी विचारलं, कुठली?) आसिफ कपाडियाचा २०१० सालचा माहितीपट, सगळा जुन्या चित्रफितींचा, बोलणारे लोक पडद्यावर न आणता फक्त त्यांचे आवाज घेतलेला. एकही दृश्य नाटकी नाही. १ मे १९९४ च्या इमोलाच्या शर्यतीआधी, ज्या शर्यतीत तो गेला, एर्टन सेनाचा चेहरा बघताना आमच्याकडं कुणी खोकलंसुद्धा नाही.

पण बाजू घेतलीच आहे. त्याचा प्रतिस्पर्धी आलँ प्रॉस्ट याच्या वाट्याला आतल्या गाठीचा माणूस अशी भूमिका आली आणि त्यावर त्यानं जाहीर नाराजीही दाखवली. १९८९ साली जपानात सुझुकाला दोघांच्या गाड्या भिडल्या आणि जगज्जेतेपद प्रॉस्टला गेलं. १९९० साली तिथंच पहिल्याच वळणाला भिडल्या आणि ते सेनाला गेलं. दुसऱ्या वेळी आपण मुद्दाम केलं हे सेनानंच वर्षभरानं कबूल केलं. आता यातली कुठली टक्कर किती वेळ दाखवायची आणि तिच्यावर कसलं संगीत लावायचं, हे संकलनाच्या टेबलावर ठरतं. अस्सल पत्रांतूनसुद्धा निवडक पत्रं छापून एकाच घराण्याची बाजू मांडता येते, ते आपल्याकडच्या इतिहासप्रेमींना वेगळं सांगायला नको. सेनाच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांत प्रॉस्ट होता.

गेम खेळणारा पोरगा खरा ड्रायव्हर होतो, तो ‘ग्रान तुरिस्मो’ कितपत खरा?

पोरगा खरा. यान मार्डनबरो २०११ साली गेमवाल्यांच्या स्पर्धेतून निवडला गेला, २०१३ साली ल माँला आपल्या वर्गात तिसरा आला. या सिनेमात स्वतःच्याच भूमिकेतल्या नटासाठी स्टंट-ड्रायव्हिंगही त्यानंच केलं. ल माँला त्याचे साथीदार होते लुकास ओर्दोन्येस, जो याच स्पर्धेतून आधी आलेला, आणि मिखाएल क्रुम, जो मुरलेला व्यावसायिक जर्मन ड्रायव्हर. सिनेमात क्रुमच्या जागी अजून एक गेम खेळणारा पोरगा आहे. हल्मसारखाच हाही पुसला गेला.

पण माझा राग दुसऱ्या गोष्टीवर आहे. न्युर्बुर्गरिंगला यानची गाडी हवेत उडून कुंपणापलीकडं गेली आणि एक प्रेक्षक मेला, हे घडलं मार्च २०१५ मध्ये. सिनेमा ते ल माँच्या आधी आणतो. का? तर हिरो खचावा, गुरूनं त्याला उभं करावं आणि मग त्यानं ल माँ गाजवावी. एका माणसाचा मृत्यू उचलून दोन वर्षं मागं नेला आणि हिरोच्या जिद्दीचं इंधन केला. अपघात दाखवायला हवाच होता, यानलाही तो हवा होता. पण जिथं घडला तिथं ठेवला असता तर गोष्ट कठीण झाली असती, आणि खरी. एन्झोची टोपी मी माफ करतो. हे करत नाही. यावरून आमच्यात दोन तट आहेत, पोरं माझ्या विरुद्ध आहेत.

‘एफ वन’ही खऱ्या गोष्टीवर आहे का?

नाही. टीम काल्पनिक, ड्रायव्हर काल्पनिक. नायकाच्या जुन्या अपघातामागं मार्टिन डॉनेलीचा १९९० सालचा स्पेनमधला अपघात आहे, एवढाच धागा. चित्रण मात्र खऱ्या शर्यतींच्या दिवशी, खऱ्या ट्रॅकवर.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. नायक मुद्दाम इकडं-तिकडं गाडी घासून सेफ्टी कार (अपघात झाला की सगळ्यांचा वेग कमी करायला पुढं येणारी गाडी) बाहेर काढायला लावतो आणि जोडीदाराचा फायदा करून देतो, आणि आपण टाळ्या वाजवतो. २००८ साली सिंगापूरला नेल्सन पिके ज्युनिअरनं टीमच्या सांगण्यावरून मुद्दाम गाडी भिंतीवर घातली होती. जोडीदार अलोन्सो जिंकला, वर्षभरानं प्रकरण फुटलं आणि टीमच्या वरिष्ठांवर बंदीची कारवाई झाली. बंदी पुढं फ्रान्सच्या कोर्टात टिकली नाही, तो भाग वेगळा.

सगळ्यात खरा सिनेमा कोणता?

हसू नका, पण ज्याची गोष्ट पूर्ण काल्पनिक आहे तो. नट स्टीव्ह मॅक्वीनचा १९७१ सालचा ‘ल माँ’. १९७० च्या खऱ्या शर्यतीत एक पोर्शे गाडी कॅमेरे लावून उतरवली होती, खरे ड्रायव्हर तिच्यात, खऱ्या गर्दीत. मॅक्वीनला स्वतः पळायचं होतं, विमावाल्यांनी अडवलं. तो नुसता हौशी नव्हता, त्याच वर्षी सेब्रिंगला पायाला प्लॅस्टर असताना पीटर रेव्सनबरोबर दुसरा आला होता. चित्रीकरणात डेव्हिड पायपर या ड्रायव्हरला पाय गमवावा लागला. इतकं करून सिनेमा पडला, कारण गोष्टच नाही. सुरुवातीला बराच वेळ कुणी बोलतच नाही. आमच्याकडं तिघं झोपले. मेस्त्री मात्र शेवटपर्यंत ताठ बसून होता. घरी जाताना म्हणाला, “ह्यात सगळ्या गाड्यांचा आवाज वेगळा हाय.” मी आजवर वाचलेलं त्या सिनेमाचं हे सगळ्यात चांगलं परीक्षण.

आपल्याकडच्या बैलगाडी शर्यतीवर असा सिनेमा निघाला तर?

हे आप्पाच विचारतात, प्रत्येक वेळी. मोटार रेसिंगचा विषय सोडून जातोय, पण उत्तर देतो.

मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रात अटींवर परवानगी मिळाली. मे २०२३ मध्ये घटनापीठानं कायदा वैध ठरवला. मधली सात-साडेसात वर्षं पुसेगावपासून सांगलीपर्यंत लोकांनी बैल पोसले, पळवता येत नसताना. सिनेमात काय होईल? एक कोर्टाचा प्रसंग, एक वकील, एक म्हातारा, आणि पुढच्या दृश्यात झेंडा पडतो. सात वर्षं दीड मिनिटात. आप्पांना हे सांगितलं तर ते म्हणाले, “दीड मिनिट बी चालंल. पर गट, सेमी, फायनल तिन्ही दाव. आमच्या मैदानात थेट फायनल कुणी पळत नाय.” आणि लगेच पुढं, “झेंडापंच बी दाव. त्यो कुटल्याच शिनेमात नसतोय.”

घरी बसून हे सगळं तपासायचं कसं?

सिनेमा आधी बघा, मन लावून, मध्ये मोबाइल काढू नका. मग त्या शर्यतीचा निकाल शोधा आणि सगळ्यात आधी ड्रायव्हरांची नावं जुळवा. कोण पडद्यावर आलंच नाही ते तिथं कळतं. मग तारखा क्रमानं लिहा. ‘ग्रान तुरिस्मो’ मला असाच सापडला. मग खलनायकाकडं या. त्यानं प्रत्यक्षात काय केलं हे त्या काळच्या वर्तमानपत्रात काय छापून आलं त्यावरून बघा, पंचवीस वर्षांनी दिलेल्या मुलाखतीवरून नको. म्हातारपणी सगळ्यांच्याच गाड्या जास्त जोरात पळलेल्या असतात. मी वहीत डाव्या पानावर सिनेमा लिहितो, उजव्या पानावर कागद.

मुलांना घेऊन यायचं का?

‘फेरारी’ला नको. ‘रश’लाही नको, त्यात इतरही कारणं आहेत. ‘फोर्ड व्हर्सेस फेरारी’ला खुशाल आणा.

पुढचा खेळ कधी?

जून ते सप्टेंबर बंद. गॅरेजवर पत्रा आहे, पाऊस लागला की त्याच्या आवाजात सात लिटरचं इंजिनसुद्धा ऐकू येत नाही. ऑक्टोबरात पहिल्या शनिवारी सुरू करू. बसायला घरून काहीतरी आणा, मागच्या वेळी तिघं जण टायरवर बसले होते आणि पँटी काळ्या झाल्या म्हणून बोलणी मला बसली.